आडवे साहेब

ज्या यंत्राच्या उद्घाटनाला साहेब येणार होते ते यंत्र काय करतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. यात त्यांचा दोष काढता येणार नाही. त्यांनी आजवर ज्यांची उद्घाटनं केली त्यांतल्या निम्म्या वस्तूंनी पुढे काहीच केलं नव्हतं, त्यामुळे विचारायची सवय मोडली होती.

यंत्राचं नाव व्हीओआर. धावपट्टीच्या पलीकडे, कुसळांच्या माळावर, लोखंडी खांबांवर जाळीचं एक भलंमोठं गोल व्यासपीठ होतं. त्याच्या कडेनं पांढऱ्या टोप्या घातलेल्या अँटेना ओळीनं बसवल्या होत्या आणि मधोमध आणखी एक. लांबून पाहणाऱ्याला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा कुणीतरी आडवा करून ठेवलाय असं वाटे. काम मात्र सरळ होतं. चारी दिशांना रेडिओलहरी सोडायच्या आणि वरून जाणाऱ्या विमानाला सांगत राहायचं, की बाबा, तू माझ्या अमुक अंगाला आहेस. जुनं यंत्र वर्षानुवर्षं हेच सांगत आलं होतं, पण तेव्हा ऐकायला विमानं नव्हती. विमानं येऊ लागली आणि त्यानं मान टाकली. म्हणून आता नवं.

नवं यंत्र उभं करायची जबाबदारी चंद्रिका कलशेट्टीकडे होती. ती मूळची अक्कलकोटची, घरात कन्नड, बाहेर मराठी आणि ऑफिसात फायलीला लागेल ती भाषा बोलणारी इंजिनिअर. नवरा बेळगावला कॉलेजात शिकवत होता. मुलगी दानेश्वरी त्याच्याजवळच असे आणि जूनमध्ये दहावीत जाणार होती. चंद्रिकाची बेळगावला बदली मागच्याच वर्षी मंजूर झाली होती. ऑर्डरमध्ये एकच ओळ जास्तीची होती: पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त करावे. त्या ओळीचं बोट धरून विमानतळाचे संचालक आबासाहेब शेळके तिला वर्षभर थांबवत आले होते. जुनं यंत्र बंद आहे, म्हणून थांबा. नवं आलेलं नाही, म्हणून थांबा. आलं, पण बसवायचंय, म्हणून थांबा. शेवटी त्यांनी माढ्याकडच्या पद्धतीनं छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, की व्हीओआर पास झालं की त्याच संध्याकाळी सही करतो.

पास करायला विमान लागतं. तपासणीची उपकरणं भरलेलं एक खास विमान येतं, यंत्राभोवती घिरट्या घालतं आणि यंत्र सांगतंय ते खरं की खोटं ते मोजतं. देशभरातली असली यंत्रं या विमानाची वाट बघत बसलेली असतात, त्यामुळे त्याची तारीख मिळणं म्हणजे लग्नाच्या मोसमात कार्यालय मिळणं. सोलापूरला मे महिन्यातला एक दिवस मिळाला होता. तो चुकला तर पुढची तारीख पावसाळा सरल्यावर. तोवर दानेश्वरीची सहामाही होऊन गेली असती आणि बदल्यांचा मोसमही. म्हणजे आणखी एक वर्ष, आणि तेही दहावीचं.

साहेबांनाही तोच दिवस मोकळा होता.

खरं तर साहेबांना सगळेच दिवस मोकळे होते. सध्या त्यांच्याकडे कुठलंही पद नव्हतं, पण पद मिळायच्या आधीची जी धामधूम असते ती जोरात होती. विमानसेवा विकास कृती समिती नावाची एक समिती त्यांनी काढली होती आणि स्वतःला तिच्या अध्यक्षपदी एकमतानं निवडलं होतं. चंद्रिकानं आबासाहेबांना सांगून पाहिलं, की आधी तपासणी होऊ द्या, समारंभ दुसऱ्या दिवशी ठेवा, नापास झालं तर उद्घाटन कशाचं करणार. आबासाहेबांनी तिला उलट समजावलं. विमान फिरायला येणारच आहे. ते डोक्यावरून घिरट्या घालत असतानाच साहेबांनी कळ दाबली तर फोटो काय येईल याचा मॅडमनी जरा विचार करावा. एरवी असं विमान भाड्यानं आणायला गेलं तर समितीला परवडलं नसतं.

तेव्हा चंद्रिकानं निदान एक अट घालून घेतली. यंत्राच्या आसपास लोखंड चालणार नाही. उभं लोखंड लहरींना आडवं येतं, लहर त्यावर आपटून वाकडी जाते आणि विमानाला वाकडी दिशा कळते. मंडपवाला सिद्धाराम याला तिनं समोर बसवून हे सांगितलं. सिद्धारामनं ते देवाच्या सोवळ्या-ओवळ्याचा नियम पाळावा तसं पाळलं. पाईपांऐवजी बांबू आणले, तारेऐवजी सुंभ, पत्र्याऐवजी कापड, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. वाढप्यांच्या हातातले डाव चालतील का, असंही त्यानं फोन करून विचारलं होतं.

त्या सकाळी चंद्रिका माळावर पोचली तेव्हा मंडप बघून तिला समाधान वाटलं. मग तिनं मान वळवली.

मंडपाच्या समोर, व्हीओआर आणि मॉनिटरचा खांब यांच्या बरोब्बर मध्ये, दोन मजली इमारतीएवढे साहेब उभे होते. हात जोडलेले, खांद्यावरून एक विमान उडतंय, डोक्यावर अक्षरं: आकाशालाही दिशा देणारे नेतृत्व. पायाशी कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग आणि त्या रांगेत सगळ्यांत मोठा चेहरा युवा नेते पृथ्वीराज भोसे यांचा. फ्लेक्सच्या पाठीमागे लोखंडी अँगलचा दणकट सांगाडा होता आणि तो चारी बाजूंनी तारा ताणून जमिनीला बांधला होता.

मॉनिटर म्हणजे काय ते इथंच सांगायला हवं. यंत्रापासून थोडं दूर, एका खांबावर एक लहानशी अँटेना असते. ती दिवसरात्र यंत्राचं बोलणं ऐकते आणि बोलण्यात फरक पडला की कुणालाही न विचारता यंत्र बंद करून टाकते. वर फोन करत नाही, कुणाची वाट बघत नाही. खात्यात इतका प्रामाणिक कर्मचारी दुसरा नसावा, आणि म्हणूनच बहुधा त्याला माळावर एकट्याला ठेवलं होतं. पहाटेपासून या मॉनिटरला यंत्राऐवजी साहेबांची पाठ तेवढी दिसत होती. त्यानं यंत्र बंद केलं होतं.

चंद्रिकानं सिद्धारामला हाक मारली. तो आला, त्यानं फ्लेक्सकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, माज्या मंडपात एक खिळा जरी लोखंडाचा निघाला तर बोला. ते माजं न्हाय. ते पक्षाचं हाय.”

“पण तुमच्यासमोर उभं केलं ना?”

“व्हय की. पर तुमी लोखंड नको म्हणला होता. ते साहेब हायत.”

यात त्याची लबाडी नव्हती. सोलापुरातल्या कुठल्याही चौकात जाऊन विचारा, समोर काय उभं आहे, तर कुणी लोखंड, कापड, शाई असं सांगणार नाही. ज्याचा चेहरा त्याचं नाव सांगतील.

दिल्लीच्या खात्याचं ते विमान हैदराबादेहून निघालं होतं. चंद्रिकानं यंत्राच्या खोलीत जाऊन मॉनिटरला तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि यंत्र हातानं सुरू केलं. निदान फ्लेक्स निघेपर्यंत वेळ जायला नको. थोड्याच वेळात आभाळात घरघर आली. मंडपातले कार्यकर्ते माना वर करून टाळ्या वाजवू लागले. विमानानं एक पुरी फेरी मारली आणि रेडिओवर तपासणी अधिकाऱ्याचा थंड आवाज आला. उजनीच्या बाजूला सगळं ठीक आहे, पंढरपूरच्या बाजूला ठीक आहे, मंगळवेढ्याच्या बाजूलाही ठीक आहे, पण अक्कलकोटच्या अंगाला दिशेची सुई डुलते आहे. मर्यादेच्या बाहेर. तिथं काही उभं केलं आहे का?

चंद्रिकानं सांगितलं की केलेलं आहे, काढते.

आवाज म्हणाला, दुपारपर्यंतचं इंधन आहे. मॅडमनी त्याच्या आत काढावं.

ती तडक आबासाहेबांकडे गेली. त्यांना नुकताच फेटा बांधून झाला होता आणि तो ढिला होऊ नये म्हणून ते मान न वळवता अख्खे वळत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. फ्लेक्स काढायचा हे शब्द आले तेव्हा त्यांनी आधी दार लोटलं. मग आवाज उतरवून म्हणाले, की त्यांच्या रिटायरमेंटला आता थोडेच महिने राहिलेत आणि ते त्यांना पेन्शनसकट पार पाडायचे आहेत. शिवाय तीन बाजू ठीक आहेत असं विमानवालेच म्हणतात ना. मग एका बाजूसाठी एवढं कशाला?

“सगळी विमानं काय अक्कलकोटकडूनच येतात का, मॅडम?”

“सर, माणसाचे तीन पाय पलंगाला आणि चौथा नसला तर—”

“पलंगाचे म्हणायचंय तुम्हाला.”

“पलंगाचेच,” चंद्रिका म्हणाली. ती वैतागली की तिचं मराठी सांडायचं. तिनं त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. त्यांना तो आठवत होता. पास झालं की लगेच सही, यात काहीच बदल नाही, असं ते म्हणाले. पास कसं व्हायचं हा तांत्रिक प्रश्न होता आणि तांत्रिक गोष्टींत ते कधी ढवळाढवळ करत नसत.

उरला पृथ्वीराज. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो फ्लेक्सच्या पायाशी, स्वतःच्या चेहऱ्याच्या शेजारी उभा होता. एकदा इकडून, एकदा तिकडून मोबाईलवर स्वतःला टिपत होता. मॅडम आलेल्या पाहून त्यानं नमस्कार केला. फ्लेक्स दोन तासांसाठी उतरवा, साहेब आले की पुन्हा लावा, हे तिनं जितक्या गोड शब्दांत सांगता येईल तितक्या गोड शब्दांत सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. एखाद्यानं भर लग्नात नवरदेवाला घोड्यावरून उतरायला सांगावं तसं आश्चर्य तेवढं आलं.

“मॅडम, भरल्या दिवशी साहेबांना खाली उतरवायचं? मागं मोडनिंबला वाऱ्यानं फ्लेक्स पडाय लागला, तर आमी धा जण सांगाडा धरून उभं ऱ्हायलो, पर जमिनीला टेकू दिला न्हाय. लोक लगीच म्हंत्यात, साहेब पडले.”

“पाडायचं नाही हो दादा, बाजूला घ्यायचंय.”

“बाजूला घेतलं, आसं पन म्हंत्यात.”

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं. चंद्रिकानं वर पाहिलं. इंधन चाललं होतं. अक्कलकोटच्या अंगाला सुई डुलत होती आणि बेळगाव एकेक फेरीनं लांब जात होतं. ती वरच बघत राहिली आणि मग, तपासणी अधिकाऱ्यालाही हेवा वाटावा अशा शांत आवाजात, तिनं विचारलं,

“दादा, हा फ्लेक्स कुणासाठी लावलाय?”

“लोकांसाठी की.”

“कुठले लोक? इथं आत यायला पास लागतो. पास तुम्हीच वाटलेत. मंडपातली सगळी माणसं साहेबांना रोज घरी जाऊन बघतात.” तिनं वर बोट केलं. “बाहेरची माणसं तेवढी त्या विमानात आहेत. दिल्लीची आहेत. सकाळपासून खाली बघतायत. त्यांना वरून काय दिसत असेल, सांगा बरं.”

पृथ्वीराजनं वर पाहिलं, मग फ्लेक्सकडे पाहिलं.

“काय दिसत आसंल?”

“कड. एक रेघ. साहेब दिसतच नाहीत त्यांना. साहेबांचं तोंड आभाळाकडे पाहिजे.”

पृथ्वीराजनं मान तिरकी करून फ्लेक्सची कड पाहिली. तो मठ्ठ नव्हता. राजकारणात मठ्ठ माणसाचा चेहरा रांगेत सगळ्यांत मोठा येत नाही.

“म्हंजे आडवं करायचं.”

“आपल्या बाजूनं आडवं. त्यांच्या बाजूनं उभंच.”

“आपल्या जिल्ह्यात आसं कुनाचं झालंय का आदी?”

“महाराष्ट्रात झालेलं नाही,” चंद्रिका म्हणाली. हे तिनं तपासलेलं नव्हतं, पण खोटं असण्याचा संभव कमी होता.

मग काय विचारता. तारा सुटल्या, आणि ज्या साहेबांना बोट लावायची कुणाची छाती नव्हती त्यांना वीसेक हातांनी घोषणा देत देत, लग्नातल्या रुखवतासारखं जपून पाठीवर निजवलं. कुणीतरी पायाशी नारळ फोडला. आकाशालाही दिशा देणारे साहेब आता आकाशाकडे तोंड करून, हात जोडून, मे महिन्याच्या उन्हात पडून राहिले. मॉनिटरला समोर पुन्हा यंत्र दिसलं. चंद्रिकानं त्याला कामावर घेतलं आणि तो काही न बोलता गप्प बसला, म्हणजे सगळं ठीक होतं. पृथ्वीराजनं लगेच व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं: पृथ्वीराजदादांची भन्नाट कल्पना, साहेब आता अंतराळातूनही दिसणार.

दुपारच्या आत विमानानं उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. सुई जिथं राहायला हवी तिथं राहिली. रेडिओवरचा आवाज म्हणाला, सगळे आकडे मर्यादेत आहेत, अभिनंदन. मग जरा थांबून त्यानं विचारलं, की जमिनीवर कोणी एक गृहस्थ नमस्कार करत पडले आहेत, ते ठीक आहेत ना?

“स्थानिक आहेत,” चंद्रिका म्हणाली.

विमान हैदराबादेकडे वळलं. तिनं पृथ्वीराजला सांगितलं की साहेब वरून दिसले, नमस्कार करताना दिसले, चौकशीही झाली. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पृथ्वीराजनं तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला. साहेब अजून मंगळवेढ्याला एका सत्कारात अडकले होते. उद्घाटनाचा अकराचा मुहूर्त केव्हाच टळला होता आणि ज्याच्यासाठी ही तारीख धरली होती ते घिरट्या घालणारं विमानही निघून गेलं होतं.

चंद्रिका आबासाहेबांकडे गेली. घामानं त्यांच्या फेट्याचा रंग कपाळावर उतरायला लागला होता. व्हीओआर पास झालं, हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तिचं कौतुक केलं, असं काम या विमानतळावर दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं असं म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, की आता मॅडमना सोडायचं कसं, हाच मोठा प्रश्न आहे.

“सर, तुम्ही शब्द दिला होता.”

“तेव्हा मला कुठं माहीत होतं, मॅडम, की तुम्ही इतकं चांगलं कराल? नवं यंत्र आहे. ते तुम्हालाच कळतं. पर्यायी व्यवस्था कुठंय? पुढच्या वर्षी नक्की बघू.”

यंत्र बंद होतं तेव्हा ते बंद आहे म्हणून ती अडकली होती, आता चालू झालं तर चालू आहे म्हणून. नापास झालं असतं तरी पुढचं वर्षच होतं. चंद्रिका परत माळावर आली आणि यंत्राच्या खोलीच्या सावलीत, दाराशी उभी राहिली. दानेश्वरीला फोन करायचा होता, पण काय सांगायचं ते ठरेना. आईनं एवढं चांगलं काम केलं की आता ती येऊ शकत नाही, हे दहावीत जाणाऱ्या मुलीला कोणत्याही भाषेत सांगितलं तरी पटण्यासारखं नव्हतं.

तिकडे मंडपात दुसराच प्रश्न उभा राहिला होता. साहेब येईनात आणि पोटं थांबेनात. मसालेभात, बुंदी, शेंगाचटणी सगळं तयार होतं. मंडपातल्या खुर्च्या मान्यवरांच्या, त्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या. बाहेर सगळीकडे कुसळं. बसायचं कुठं?

आता आपल्याकडे फ्लेक्सचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण शेंबड्या पोरालाही पाठ आहे. फ्लेक्स उभा आहे तोवर तो नेता. त्याला हात लावला तर दंगल होईल. एकदा का तो जमिनीला टेकला की ती ताडपत्री. मग त्यानं कडबा झाका, गळकं छप्पर झाका, वाळवणं घाला, पंगत बसवा. जिल्ह्यातल्या निम्म्या गोठ्यांवर मागच्या निवडणुकीतले चेहरे पालथे पडलेत आणि म्हशींची काही तक्रार नाही. त्यामुळे उभ्या साहेबांना हात लावायला तयार नसलेला पहिला कार्यकर्ता जेव्हा पत्रावळ घेऊन आडव्या साहेबांच्या निळ्या आकाशावर, अगदी कडेला टेकला, तेव्हा त्याच्या मनात वावगं काहीच नव्हतं. शेजारी दुसरा बसला. मग समोरासमोर दोन रांगा झाल्या, एक खांद्यावर आणि एक छातीवर. चपला रीतीप्रमाणे बाहेर काढल्या होत्या. वाढपी मधून फिरत होते. भाताचं पातेलं ठेवायला सपाट जागा हवी होती, ती साहेबांच्या कपाळावर मिळाली. सगळं इतकं शिस्तीत चाललं होतं की कुणाचं लक्षच गेलं नाही. ज्याचं गेलं असतं तो पृथ्वीराज स्वागताला बाहेरच्या फाटकावर होता.

साहेबांची गाडी आली ती धावपट्टीच्या कडेच्या रस्त्यानं सरळ माळावर. ड्रायव्हरनं कुसळं चुकवून स्वच्छ जागा पाहून गाडी थांबवली. साहेबांनी दार उघडून पाय खाली ठेवला तो स्वतःच्या जोडलेल्या हातांवर. त्यांनी खाली पाहिलं, मग पुढे पाहिलं. त्यांच्या गालावर बसून एक जण बुंदी मागत होता.

पंगत थिजली. एकानं प्रसंग ओळखून, तोंडातला घास गिळून म्हटलं,

“या साहेब, जेवायला.”

साहेब मुरलेले होते. ते हसले. फोटोवाले सोबत होते, त्यामुळे आधी मंडपात जाऊन त्यांनी कळ दाबली. लाल दिवा लागला, टाळ्या झाल्या. कळ फक्त त्या दिव्यालाच जोडलेली होती. यंत्र सकाळपासून चालूच होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, जिल्ह्याला दिशा देण्याविषयी बोलून झालं. मग साहेबांनी आबासाहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना मंडपाच्या मागे, म्हणजे यंत्राच्या खोलीकडे नेलं. पृथ्वीराज पाठोपाठ गेला. चंद्रिका दारातच उभी होती.

साहेबांनी आवाज न चढवता विचारलं, की ही कल्पना कुणाची.

सकाळपासून जगाला स्वतःची म्हणून सांगितलेली कल्पना पृथ्वीराजला आता नीट आठवली. ती मॅडमची होती.

साहेबांनी चंद्रिकाकडे पाहिलं. फ्लेक्सवर पंगत बसेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तर तिनं पानं लवकर वाढायला सांगितली असती.

“ह्या बाईंना इथनं हलवा,” साहेब आबासाहेबांना म्हणाले. “आज.”

“साहेब, त्यांच्याशिवाय यंत्र कोण चालवणार?”

“यंत्र मी आत्ता चालू केलंय. चालू वस्तूला माणूस कशाला लागतो?”

वर्षभर न सापडलेली पर्यायी व्यवस्था आबासाहेबांना उभ्या उभ्या सापडली. हैदराबादेचा एक माणूस होता, तो येऊन जाऊन बघू शकला असता, हे त्यांना आता सुचलं. चाचरत त्यांनी विचारलं, की कुठं टाकायचं.

“लांब टाका. महाराष्ट्राच्या बाहेर टाका.”

“बेळगावची एक ऑर्डर पडून आहे, साहेब...”

“बेळगाव महाराष्ट्राचंच आहे,” साहेब सवयीनं म्हणाले. या विषयावर त्यांची बरीच भाषणं झाली होती. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पृथ्वीराज मान डोलवत होता, म्हणजे शब्द मागे घेता येत नव्हता. साहेबांनी क्षणभर विचार केला. “पण लांब आहे ना?”

“लई लांब,” चंद्रिकाच म्हणाली. तिचा आवाज चिरकला. साहेबांना वाटलं बाई रडायला आली, आणि त्यांचं समाधान झालं.

आबासाहेबांनी त्याच संध्याकाळी सही केली. दिलेला शब्द आपण पाळला, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. आणि जाता जाता, मॅडम, चेहरा जरा पडलेला असू द्या, असंही सांगितलं, कारण गोष्ट साहेबांपर्यंत जाते. चंद्रिकानं चेहरा पाडला. ऑफिसातले एकेक जण येऊन भेटले. बाईवर अन्याय झाला, प्रामाणिकपणाचे दिवस राहिले नाहीत, असं ज्यानं त्यानं हळू आवाजात सांगितलं. झाडलोट करणाऱ्या सुंदरम्मानं तर पदर डोळ्याला लावला आणि कन्नडमध्ये म्हणाली की देव बघून घेईल. तिचा हात हातात घेताना चंद्रिकाला खरोखर लाज वाटली, आणि तेवढ्यापुरता चेहरा आपोआप पडला. बाकी वेळ तिला कष्ट पडले.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानंही लई वाईट झालं म्हणून सलाम केला. तिनं मान खाली घातली आणि होटगी रोडला लागेपर्यंत वर केली नाही. मग रिक्षात तिनं बेळगावला फोन लावला. दानेश्वरीनं उचलला, मागे टीव्हीचा आवाज होता. चंद्रिका म्हणाली, परवा येतेय.

“किती दिवस?” दानेश्वरीनं विचारलं. आई येते म्हटलं की ती हेच विचारायची, म्हणजे मग किती खूश व्हायचं ते ठरवता येई.

“बदली झाली गं. शिक्षा म्हणून.”

पलीकडे टीव्ही बंद झाला.

“तू काय केलंस, आई?”

“आल्यावर सांगते.”

“पण शिक्षा किती दिवसांची?”

“मोठी आहे,” चंद्रिका म्हणाली, आणि एवढ्या जोरात हसली की रिक्षावाल्यानं आरसा वळवून पाहिलं. “तुझी दहावी होईपर्यंत तरी माफी नाही.”